वेगळ्या चुली, एक चूल

आमच्या घरातला व्हॉल्व्हचा संच मी काढला आणि त्याच्या जागी एकच आटोपशीर अँप्लिफायर आणून ठेवला, ही बातमी नातेवाइकांत माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपेक्षाही वेगाने पसरली. 'दाजींची आठवण मोडीत काढली' असं दोघाचौघांनी फोनवर बोलून दाखवलं. बाकीच्यांनी आपापसांत बोलून घेतलं असेल. त्यांचा राग मला समजतो. पण ज्याने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला त्याला एक खोड असते. 'हे असं का केलंत?' असं कुणी विचारलं की तो 'मुळात ते तसं का होतं?' इथून सुरुवात करतो. तेव्हा आधी इतिहास, मग खुलासा. कंटाळा आला तर मधला भाग खुशाल गाळावा. माझ्या वर्गात ही सवलत नव्हती, इथे आहे.

ज्यांनी तो संच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, १९६० च्या दशकात इंग्लंडात नोकरीला होते. १९६८ साली ते परतले तेव्हा बोटीच्या सामानात क्वाड कंपनीचा हा संच होता. एकूण तीन खोकी. एक चपटं, पुढच्या बाजूला बटणं असलेलं. त्याला कंट्रोल युनिट म्हणायचं (प्रीअँप्लिफायर म्हटलं तरी चालेल). उरलेली दोन म्हणजे पॉवर अँप्लिफायर, एक डाव्या स्पीकरसाठी आणि एक उजव्या. लोखंडी बैठक, तिच्यावर ट्रान्सफॉर्मरचे ठोकळे आणि काचेचे व्हॉल्व्ह. एकेक खोकं सुमारे आठ किलोचं. संध्याकाळी दिवे मालवले की व्हॉल्व्हच्या आत केशरी उजेड दिसायचा आणि आम्हा मुलामाणसांना ते देवघरासारखं वाटायचं. मी बी.ए.चा माणूस. विजेतलं मला जे काही थोडंफार कळतं ते दाजींनी त्या संचासमोर बसवून शिकवलेलं आहे.

आता प्रश्न असा की आवाज मोठा करायच्या एका कामासाठी तीन खोकी कशाला?

गंमत म्हणजे सुरुवातीला एकच खोकं होतं. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तिसरं टोक घातलं आणि पुढे त्यातूनच दुबळा विद्युतसंदेश मोठा करता येऊ लागला. १९२५ पासून रेकॉर्डचं ध्वनिमुद्रणही कर्ण्याऐवजी मायक्रोफोन लावून होऊ लागलं. मग रेडिओ, तबकडी फिरवणारं यंत्र, अँप्लिफायर आणि स्पीकर हे सगळं एका लाकडी कपाटात बसवलेला रेडिओग्राम आला. १९३० च्या दशकात सधन घरांच्या दिवाणखान्यात तो असे. हे आमच्या विषयातलं एकत्र कुटुंब. सगळे एका छपराखाली राहणार, एकाच चुलीवर स्वयंपाक होणार, आणि कुणी कुणाबद्दल तक्रार करणार नाही. तक्रार नव्हती याचं खरं कारण हे की आवाजाकडून कुणाची फारशी अपेक्षाच नव्हती.

ती अपेक्षा वाढवणाऱ्या दोन घटना मला सांगायच्या आहेत. पहिली २ ऑगस्ट १९२७ ची. बेल लॅबोरेटरीत काम करणारा हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा तरुण इंजिनियर सकाळी हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर चालला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोनमध्ये एकामागून एक अँप्लिफायर लावावे लागत आणि दरवेळी बोलणं थोडं थोडं बिघडत जाई. हे कसं थांबवावं या विचारात तो होता. फेरीबोटीत त्याला सुचलं की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडासा अंश उलटा करून पुन्हा आत पाठवला, तर अँप्लिफायरने स्वतः केलेली चूक त्याची तोच खोडून काढील. हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र होतं, त्याच्याच पानावर त्याने आकृती काढली. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्यात ताकद कमी होते, पण शुद्धता वाढते. (विद्यार्थ्याने वही देण्याआधी स्वतःच तपासावी तसं. वेळ जातो, पण लाल शाई वाचते.)

दुसरी घटना १९४७ ची. इंग्लंडातल्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाच्या एप्रिल आणि मे महिन्यांच्या अंकांत डी. टी. एन. विल्यमसन यांचा लेख आला. १५ वॅटचा, दोन केटी ६६ व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घरी कसा बांधावा, हे त्यात आकड्यांनिशी दिलं होतं. आवाजातला बिघाड हजारात एका भागाहूनही कमी. याच्या थोडंच आधी, १९४५ मध्ये, हॅरॉल्ड लीक यांनी हजारात एक भाग बिघाडाचा अँप्लिफायर विकायला काढला होता आणि त्याला 'पॉइंट वन' हेच नाव दिलं होतं. पण लीकचं यंत्र विकत घ्यावं लागे, विल्यमसनचं कुणालाही बांधता येई. युद्धातून परतलेले, हातात कसब असलेले, खिशात पैसे नसलेले कितीतरी लोक देशोदेशी त्या लेखावरून अँप्लिफायर बांधू लागले. 'हायफाय' हा शब्द घराघरात गेला त्यामागे या हौशी मंडळींचा मोठा वाटा आहे.

आणि इथूनच चुली वेगळ्या झाल्या. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

रेकॉर्डच्या सुईतून निघणारा विद्युतसंदेश फार म्हणजे फारच लहान असतो. आताच्या सर्वसाधारण पिकअपचा धरला तर साधारण पाच मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. तो मोठा करत करत स्पीकर हलवण्याइतका करायचा. आता व्हॉल्व्ह चालायला तीनशे व्होल्टच्या वर दाब लागतो, म्हणून आत विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर हवा. शिवाय व्हॉल्व्हचा स्वभाव आणि स्पीकरचा स्वभाव जुळत नाही. एक जास्त दाबावर थोडा प्रवाह देणारा, दुसऱ्याला कमी दाबावर बराच प्रवाह हवा. म्हणून त्या दोघांत मध्यस्थ म्हणून आणखी एक ट्रान्सफॉर्मर. या लोखंडी ठोकळ्यांभोवती विजेचं चुंबकीय क्षेत्र सतत थरथरत असतं. त्याच्या शेजारी तो पाच मिलिव्होल्टचा नाजूक जीव ठेवला की तो थरथर उचलतो आणि स्पीकरमधून 'घूं' असा आवाज येऊ लागतो.

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, इंग्लंडातही तेवढीच. त्यामुळे ही घूं ५० चा स्वर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला १०० चा स्वर धरून बसते. दाजी पेटी वाजवत. त्यांनी मला दाखवलं होतं की हा १०० चा स्वर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या खिंडीत पडतो, म्हणजे कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या गदारोळात ही घूं दडून जाईल. पण आपल्या गाण्यात गवय्याने 'सा' लावायच्या आधी नुसते तानपुरे वाजत असतात. तिथे ही घूं म्हणजे बेसूर लावलेला तिसरा तानपुरा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर दूर आणि नाजूक भाग वेगळ्या खोक्यात, ही व्यवस्था ख्यालगायन ऐकणाऱ्याला कुणापेक्षाही जास्त पटावी.

दुसरं कारण उष्णता. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात एक तापणारी तार असते. सगळं एका खोक्यात कोंबलं तर आतले कपॅसिटर वगैरे भाजून निघतात. तिसरं कारण रेकॉर्डच्या कंपन्यांचं. रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर दाबायचे आणि तारसप्तकातले उचलायचे, मग वाजवताना त्याच्या उलट करायचं, अशी पद्धत होती (अजूनही आहे). पण किती दाबायचं याचा प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत एक सामाईक माप ठरलं आणि हळूहळू ते सगळीकडे चालू लागलं. तोवरच्या रेकॉर्डसाठी कंट्रोल युनिटवर वेगवेगळी बटणं ठेवावीच लागत. ती बटणं हाताशी हवीत आणि तापणारं, घूं करणारं जड धूड कपाटाच्या तळाशी. इंग्रज माणूस तसंच ठेवायचा.

म्हणजे वेगळ्या चुली मांडल्या त्या भांडणामुळे नव्हेत, गरजेमुळे. आणि पुरत्या वेगळ्याही नव्हत्या. क्वाडच्या कंट्रोल युनिटला स्वतःचा वीजपुरवठाच नव्हता. एका जाड केबलमधून तो पॉवर अँप्लिफायरकडून घ्यायचा. चूल वेगळी, पण धान्य थोरल्या घरच्याच कणगीतलं.

क्वाड कंपनीचे पीटर वॉकर हे या गोष्टीतलं महत्त्वाचं माणूस. १९३६ साली त्यांनी लंडनमध्ये लहानसा कारखाना काढला. युद्धात बॉम्बहल्ल्यात जागा गेली तेव्हा ते १९४१ मध्ये हंटिंग्डन या लहान गावी गेले आणि तिथेच राहिले. १९५३ साली त्यांनी 'क्वाड टू' हा अँप्लिफायर आणला. त्यातही तेच केटी ६६ व्हॉल्व्ह आणि तेच १५ वॅट. तेव्हा ध्वनी एकाच स्पीकरचा होता, म्हणून खोकी दोन. पुढे स्टिरिओ आला. त्याची कल्पना ॲलन ब्लूमलीन यांनी १९३१ सालीच पेटंटच्या अर्जात मांडली होती. पण ते १९४२ मध्ये रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून गेले, आणि स्टिरिओ एलपी दुकानात यायला १९५८ उजाडलं. त्या रेकॉर्डना दोन वाटा हव्या, म्हणून क्वाडने दोन वाटांचं 'ट्वेंटीटू' कंट्रोल युनिट काढलं आणि पॉवर अँप्लिफायर एकाचे दोन झाले. आमच्या घरातल्या तीन खोक्यांचा हिशेब असा आहे.

आता पुन्हा १९४७ कडे चला. ते वर्ष आपल्याला का आठवतं हे सांगायला नको. पण एप्रिल-मे मध्ये विल्यमसन यांनी व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला कळसाला नेलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत बेल लॅबोरेटरीतच बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. कळस चढला त्याच वर्षी पाया काढणाराही जन्माला आला. वर्गात मी मुलांना सांगायचो की युग संपतं ते संपल्यासारखं दिसत नाही, ते बहरात असतं. पेशवाईच्या धड्याला हे उदाहरण देता आलं असतं तर मजा आली असती, पण मुख्याध्यापकांना चाललं नसतं.

ट्रान्झिस्टर आला म्हणून लगेच सगळं सुधारलं असं मात्र नाही. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. जरा तापले की बिथरायचे, जळायचे. शिवाय त्यांच्या अँप्लिफायरमध्ये आवाजाची लाट वरून खाली येताना मध्येच एक बारीक दातेरी खाच पडायची. ती कानाला खरखरीत लागे. 'ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा' हा समज तेव्हाचा आहे आणि तेव्हा तो खरा होता. १९६३ साली लीकने 'स्टिरिओ थर्टी' आणला. ट्रान्झिस्टरचा, आणि प्री व पॉवर दोन्ही एकाच खोक्यात. यालाच इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणतात. वॉकर मात्र घाई न करता थांबले. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर भरवशाचे झाले तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी 'थर्टीथ्री' कंट्रोल युनिट आणि 'थ्री-ओ-थ्री' पॉवर अँप्लिफायर काढले. ४५ वॅट ताकद, डावं-उजवं एकाच खोक्यात. तीनाची दोन खोकी झाली. आणि ज्या 'क्वाड टू'वर कंपनीने नाव कमावलं होतं ते त्यांनी शांतपणे बंद केलं.

हे कसं शक्य झालं? ट्रान्झिस्टरला तीनशे व्होल्ट लागत नाहीत, तापणारी तार नाही, आणि स्पीकरशी त्याचं थेट जमतं, मध्यस्थ ट्रान्सफॉर्मर लागत नाही. लोखंड कमी झालं, उष्णता कमी झाली. विजेचा एक ट्रान्सफॉर्मर उरला, तो नीट झाकून, खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवला की घूं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. चुली ज्या कारणांनी वेगळ्या झाल्या ती कारणंच एकेक करून निघून गेली.

तिसरी पायरी १९७८ ची. एनएडी नावाच्या कंपनीने '३०२०' हा इंटिग्रेटेड अँप्लिफायर आणला. एरिक एडवर्डसन यांनी आखलेला, कागदावर फक्त २० वॅटचा, दिसायला राखाडी आणि साधा, किंमत बेताची. तो अफाट खपला. त्याच सुमारास स्कॉटलंडमधली लिन ही कंपनी सांगत होती की पैसा आधी तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावर घाला, कारण तिथे जे निसटलं ते पुढचा कुठलाही अँप्लिफायर परत आणू शकत नाही. म्हणजे विद्यार्थीदशेतल्या माणसाने तबकडीचं यंत्र चांगलं घ्यावं आणि अँप्लिफायर ३०२० सारखा, हा हिशेब जमून गेला. मला त्या ३०२० ची एक गोष्ट फार आवडते. त्याच्या पाठीमागे प्री आणि पॉवर या दोन भागांना जोडणाऱ्या धातूच्या दोन वाकड्या कड्या आहेत. त्या उपसल्या की एकाच खोक्याचे पुन्हा दोन भाग होतात. एकत्र कुटुंबात राहूनही मधलं दार ठेवावं, तसं.

त्याच वर्षी, १९७८ मध्येच, 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात जेम्स मॉयर यांनी एका चाचणीचा वृत्तान्त छापला. क्वाडचेच तीन अँप्लिफायर घेतले. १९५३ चा व्हॉल्व्हवाला, १९६७ चा ट्रान्झिस्टरवाला आणि १९७५ चा नवा. ऐकणारे जाणकार, पण कुठला वाजतो आहे हे त्यांना दिसत नव्हतं. त्यांना तो ओळखता आला नाही. उत्तरं अंदाजपंचे देण्याइतकीच बरोबर आली. आता या चाचणीत क्वाडचाच हात होता हे खरं, आणि तिन्ही यंत्रं त्यांच्या ताकदीच्या आत चालवली होती हेही खरं. क्षमतेबाहेर रेटलं की व्हॉल्व्ह सौम्यपणे बिघडतो आणि ट्रान्झिस्टर खाडकन. तो फरक ऐकू येतो. पण आपल्या दिवाणखान्यात, शेजाऱ्यांशी संबंध टिकवून, एक दोन वॅटच्या वर आपण जातो कधी?

पुढे १९८२ मध्ये सीडी आली. तिच्या यंत्रातून थेट दोन व्होल्टचा संदेश निघतो. तो पाच मिलिव्होल्टचा नाजूक जीवच उरला नाही. प्रीअँप्लिफायरकडे काम राहिलं ते आवाज कमीजास्त करण्याचं आणि कुठलं यंत्र लावायचं ते निवडण्याचं. वेगळी खोकी तरीही टिकली. प्रचंड ताकदीच्या यंत्रात त्याला अजून कारण आहे. बाकी ठिकाणी ती प्रतिष्ठा आहे. अमेरिकेतले मारांट्झ, मॅकिंटॉश यांचे १९५८ ते १९६१ च्या काळातले व्हॉल्व्हचे संच आज दागिन्यासारखे विकले जातात. व्हॉल्व्हही अजून बनतात, रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. कुणाला हौस असेल तर जरूर करावी, माझं काही म्हणणं नाही. गरज म्हणून सुरू झालेली गोष्ट गरज संपल्यावर मान होऊन बसते, एवढंच मी इतिहासाचा शिक्षक म्हणून नोंदवतो. घोड्यावरून वरात काढतोच की आपण.

आपल्याकडे या वेगळ्या चुलींचा काळ मध्यमवर्गीय घरांत जवळजवळ आलाच नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि लगेच पुढच्या वर्षी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. दोन युगं एका वर्षाच्या अंतराने आली. आपण व्हॉल्व्हच्या रेडिओवरून (तो तापेपर्यंत वाट बघायची, मग हिरवा डोळा मिटत यायचा, आठवतंय ना?) सरळ खांद्यावरच्या ट्रान्झिस्टरवर गेलो. आयात जवळजवळ बंदच, त्यामुळे असले संच परदेशातून येणाऱ्या माणसाच्या सामानातूनच यायचे.

आणि इथे दाजींनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट सांगायला हवी, कारण नव्या पिढीला ती ठाऊक नाही. त्यांनी तो संच नवा घेतलेला नव्हता. १९६७ मध्ये क्वाडचा ट्रान्झिस्टरवाला नमुना आला तेव्हा कितीतरी इंग्रज घरांनी व्हॉल्व्हची धुडं काढून टाकली. दाजींच्या ऑफिसातल्या एका वयस्कर साहेबाने आपली तीन खोकी त्यांना स्वस्तात दिली, कारण त्याच्या बायकोला ती नको होती आणि त्याला वाकून उचलवत नव्हती. म्हणजे ज्याला आपण घराण्याचा ठेवा म्हणतो तो आपल्याकडे आला तोच मुळी कुणीतरी पसारा आटोपता घेतला म्हणून.

आता खुलासा. दाजी गेल्यावर ताई आमच्याकडे राहायला आली, आणि तिच्याबरोबर तो संच. मी तो बरीच वर्षं सांभाळला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून कपॅसिटर आणून बदलून घेतले. व्हॉल्व्ह एकदा मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवले. मे महिन्यात तो लावला की खोलीतला पंखा हरायचा. दोन्ही खोकी मिळून दीडशे वॅटच्या वर वीज खातात, आणि तीही गाणं हळू असो की मोठं. हे सगळं चाललं असतं. पण एक गोष्ट मला हळूहळू दिसू लागली. ताईने वयाची ऐंशी ओलांडली आहे. बोटं वळत नाहीत. कुठलं बटण आधी, किती वेळ थांबायचं, उघड्या तापलेल्या व्हॉल्व्हला हात लागेल का, या धास्तीने ती त्या संचाजवळ जात नसे. मी घरी असलो तरच गाणं. मी पेन्शनच्या कामाला किंवा बाजारात गेलो की घर गप्प. संच तिचा, रेकॉर्ड तिच्या, आणि ऐकायला परवानगी घ्यावी लागे ती धाकट्या भावाची. तिने कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या पिढीतल्या बायका बोलत नाहीत.

म्हणून एकच खोकं आणलं. साधं, पाच-सहा किलोचं. मागे रेकॉर्डसाठी वेगळी जागा आहे आणि पुढे एक मोठं गोल बटण, ते तळव्यानेही फिरवता येतं. स्पीकर तेच ठेवले, तबकडीचं यंत्रही तेच. गाण्यात फरक पडला का? पहिले आठ दिवस मला वाटत होतं की काहीतरी गेलं. नंतर लक्षात आलं की मी गाणं ऐकत नव्हतो, केशरी उजेड शोधत होतो. एक मात्र खरंच गेलं. जुन्या संचाचं पोट उघडलं की वायर कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसायचं आणि हातात कैया घेऊन कुणीही शहाणा माणूस तो दुरुस्त करू शकायचा. नव्याच्या पोटात एक छापील पाटी आहे. ती बिघडली तर मला त्यात काही कळणार नाही. हा तोटा मी लपवत नाही.

जुनी तीन खोकी भंगारात गेलेली नाहीत, हेही नातेवाइकांनी ऐकून ठेवावं. कोल्हापूरकडचा एक तरुण व्हॉल्व्हचे रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो. त्याला दिली. पैसे घेतले नाहीत. त्याने विल्यमसनचा १९४७ चा लेख वाचलेला निघाला, मग काय, दोन तास गेले. ताईनेच चहा केला आणि जाताना त्याला एवढंच विचारलं, 'तू गाणं ऐकतोस ना रे, की नुसता दुरुस्तच करतोस?' ऐकतो म्हणाला.

आता ताई दुपारी झोप होईना झाली की स्वतः उठून रेकॉर्ड लावते. परवा मी बँकेतून आलो तर जिन्यातच मन्सूर ऐकू आले. दार उघडायला अंमळ वेळ लागला, कारण आतमध्ये बेल ऐकू जात नव्हती.

जाता जाता एक राहिलंच. क्वाड हे नाव कुणा माणसाचं किंवा गावाचं नाही. ती चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, क्वालिटी, युनिट, अँप्लिफायर आणि डोमेस्टिक. चांगलं, सुटं, आवाज वाढवणारं, घरगुती. पीटर वॉकर यांनी १९६७ मध्ये व्हॉल्व्ह सोडला तेव्हा पहिला आणि शेवटचा शब्द जपला, बाकी बदलू दिलं. मी दुसरा शब्द सोडला आहे. शेवटचा तेवढा सोडवत नाही.

असो. मन्सूरांच्या रेकॉर्डवर ओरखडे फार झालेत. कुणाकडे बरी प्रत असेल तर कळवावं, ताईची फर्माईश आहे.